एकाच लॅन पोर्टवर चालणारी घरची फायरवॉल: नेट का तुटतं आणि बिघाड कसा शोधायचा

जुना पीसी, त्याला एकच लॅन पोर्ट, सोबत पाच पोर्टचा छोटा मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग बदलता येणारा) स्विच आणि वायफायपुरता वापरायचा जुना राउटर. एवढ्या सामानावर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी यांपैकी एखादी राउटरची प्रणाली टाकून घरासाठी चांगली फायरवॉल, म्हणजे घर आणि इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी, उभी राहते. पोर्ट एकच असला तरी व्हीलॅन (एकाच केबलमधली वेगळी ठेवलेली आभासी नेटवर्कं) वापरून त्याच केबलमधून वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (घरातली बाजू) दोन्ही नेता येतात. काही जण त्याऐवजी यूएसबीचं लॅन ॲडॉप्टर लावून दुसरा पोर्ट मिळवतात.

अशा जोडण्या मी बरीच वर्षं लावतोय आणि त्याहून जास्त दुरुस्त करतोय. तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते: "फायरवॉल बिघडली, नेट नाही." उघडून बघितलं की फायरवॉल व्यवस्थित चालू असते. दोष तिच्या आजूबाजूला असतो: केबलमध्ये, स्विचच्या व्हीलॅन टेबलमध्ये, घरातल्या दुसऱ्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेत), नाहीतर मदरबोर्डच्या सेलमध्ये. लोक मात्र आधी फायरवॉलचे नियम उघडतात, दोन-चार बदलतात, आणि मग मूळ दोष सापडला तरी नेट येत नाही, कारण आता नियमही चुकलेले असतात. म्हणून नियमांना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

लक्षणं

यातलं आपलं लक्षण कोणतं ते आधी नक्की करा. पुढच्या तपासण्या त्यावरच अवलंबून आहेत.

- कोणत्याच उपकरणावर नेट नाही, पण फायरवॉलचं पान उघडतं.
- फायरवॉलचं पानही उघडत नाही.
- काही उपकरणांवर नेट आहे, काहींवर नाही, आणि कोणावर आहे ते रोज बदलतं.
- पिंग (पत्त्यापर्यंत पोचतंय का ते बघणारी छोटी चाचणी) होतं, पण कोणतीच वेबसाइट उघडत नाही.
- काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात.
- वीज जाऊन आली की नेट येत नाही, एरवी ठीक चालतं.
- नेट चालतं, पण वेग ९४-९५ एमबीपीएसच्या वर जातच नाही.
- दिवसातून काही वेळा अर्धा-एक मिनिट नेट जातं आणि आपोआप परत येतं.

हात लावण्याआधी

फायरवॉलच्या पानावरून सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये ती एकच एक्सएमएल फाइल असते. तिच्यात पासवर्डही असतात, त्यामुळे ती जपून ठेवा आणि मदत मागताना कोणाला जशीच्या तशी पाठवू नका. पीसीला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून ठेवा. आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि नेट आलं, तर ते कशामुळे आलं हे कळत नाही, आणि महिन्याभराने तोच बिघाड पुन्हा समोर उभा राहतो.

घरात कोणाचं काम नेटवर अडलं असेल, तर जुना राउटर थेट मोडेमला जोडून द्या आणि सवडीने तपासा. घाईत केलेली दुरुस्ती मी टिकलेली फारशी पाहिलेली नाही.

१. बंद-चालू करायचा क्रम

मोडेम, स्विच आणि फायरवॉल, तिन्ही बंद करा. मोडेमला निदान दोन-तीन मिनिटं वीज देऊ नका. मग आधी मोडेम चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, नंतर स्विच, आणि शेवटी फायरवॉल.

या क्रमाला कारण आहे. ब्रिज मोडमधले (स्वतः राउटरचं काम न करता नेट पुढे सोडणारे) बरेच मोडेम चालू झाल्यावर जे पहिलं उपकरण दिसेल त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) लक्षात ठेवतात आणि दुसऱ्याला पत्ता देत नाहीत. जुना राउटर काढून तिथे फायरवॉल लावली की मोडेम अजून जुन्यालाच ओळखत असतो. वीज पूर्ण काढल्यावर ती आठवण पुसली जाते. काही इंटरनेट कंपन्या मॅक पत्ता त्यांच्या बाजूलाही नोंदवून ठेवतात. तसं असेल तर फायरवॉलच्या वॅनवर जुन्या राउटरचा मॅक पत्ता टाका, किंवा कंपनीला कळवून नवा नोंदवून घ्या.

फक्त वीज गेल्यावरच त्रास होत असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. एक, वीज परत आल्यावर पीसी आपोआप चालू होईल अशी सोय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) असते, ती चालू आहे का. दुसरी स्विचची. काही मॅनेज्ड स्विचमध्ये बदल लागू करणं आणि बदल जतन करणं अशी दोन वेगळी बटणं असतात. जतन केलं नसेल तर वीज जाताच व्हीलॅनचं सगळं टेबल पुसलं जातं आणि स्विच साधा स्विच होऊन बसतो.

२. केबल

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक तार जरी टोकाशी सैल असली तरी दोन्ही बाजू बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. नेट चालूच राहतं, म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. वेग ९४-९५ वर अडकलेला दिसला तर आधी केबल बदला. फायरवॉलच्या इंटरफेस पानावर आणि स्विचच्या पोर्ट पानावर लिंकचा वेग लिहिलेला असतो, तिथे १००० दिसायला हवं.

एका पोर्टच्या मांडणीत पीसी आणि स्विच यांच्यामधली केबल सगळ्यात महत्त्वाची. नेटवर जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट तिच्यातून एकदा आत जातं आणि एकदा बाहेर येतं. तिथे घरी क्रिंप केलेली (टोकं स्वतः बसवलेली) जुनी केबल वापरू नका.

३. पॅकेट नेमकं कुठे अडतं

ही तपासणी फुकट आहे आणि निम्म्याहून जास्त वेळ वाचवते. केबलने जोडलेल्या संगणकावरून या क्रमाने पिंग करा: आधी फायरवॉलचा लॅन पत्ता, मग मोडेमचा पत्ता (मोडेम ब्रिज मोडमध्ये असेल तर ही पायरी सोडा), मग १.१.१.१ सारखा बाहेरचा पत्ता, आणि शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव.

पहिलीच पायरी अडली तर दोष घराच्या आत आहे: केबल, स्विच किंवा डीएचसीपी. फायरवॉलपर्यंत जातं पण बाहेर जात नाही, तर वॅनकडे बघा. आकड्याचा पत्ता मिळतो आणि नाव मिळत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा.

नंतर हेच पिंग फायरवॉलच्या स्वतःच्या कन्सोलवरून (तिला जोडलेल्या मॉनिटर-कीबोर्डवरून) करा. फायरवॉलला बाहेरचं सगळं दिसतं आणि संगणकाला दिसत नाही, असं झालं तरच नियम किंवा नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) तपासायचे. दोघांनाही दिसत नसेल तर नियम उघडून उपयोग नाही.

४. नाव सापडत नाही: डीएनएस आणि घड्याळ

जुन्या पीसीवर हमखास भेटणारा आणि सगळ्यात चकवणारा बिघाड हा आहे, म्हणून जरा सविस्तर.

मदरबोर्डवर सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. पीसी बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. आता फायरवॉलमध्ये अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर असतो आणि त्यात डीएनएसएसईसी ही तपासणी असते. पीएफसेन्समध्ये ती मुळातच चालू असते. या तपासणीत प्रत्येक उत्तरावरच्या सहीची मुदत बघितली जाते, म्हणजे ती कधीपासून कधीपर्यंत वैध आहे ते. घड्याळ मागे असेल तर आजची सही भविष्यातली वाटते आणि अनबाउंड ते उत्तर नाकारतो. मग घड्याळ नीट का होत नाही? कारण वेळ देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता नावाने दिलेला असतो, आणि नाव शोधायला डीएनएस लागतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि घरात नेट नाही. पिंग १.१.१.१ मात्र छान चालतं.

कन्सोलवर तारीख बघा. चुकलेली असेल तर हाताने बरोबर करा, अनबाउंड पुन्हा सुरू करा, आणि नेट आल्यावर सेल बदला. पीसीची वीज पूर्ण काढून मगच सेल काढायचा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. जुना २.७ च्या खाली गेला असेल तर तो परत बसवू नका. सेल बदलल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर गेलेली असतात, त्यामुळे वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय पुन्हा लावा. सेल मिळेपर्यंत वेळेच्या सर्व्हरमध्ये एक पत्ता आकड्यांत देऊन ठेवला तरी ही कोंडी फुटते.

तारीख बरोबर असूनही नाव सापडत नसेल, तर संगणकाला कोणता डीएनएस मिळालाय ते बघा. तो फायरवॉलचा पत्ता नसेल तर थेट सहाव्या तपासणीकडे जा.

५. दोन्ही बाजूंना एकच पत्ता

पीएफसेन्स, ओपीएनसेन्स आणि ओपनडब्ल्यूआरटी या तिघांचाही मूळ लॅन पत्ता १९२.१६८.१.१ आहे. कित्येक मोडेमचाही तोच असतो. वॅन आणि लॅन दोन्हीकडे १९२.१६८.१ ची मालिका आली की फायरवॉलला पॅकेट कोणत्या बाजूला पाठवायचं ते ठरवता येत नाही. लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ किंवा १०.२०.३०.१ असा काहीतरी ठेवा. बदलल्यावर डीएचसीपीचा पत्त्यांचा पट्टाही त्याच मालिकेत आणा. हे विसरलं की संगणकांना पत्ताच मिळत नाही.

वॅनला १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर बहुधा मोडेम स्वतःच राउटरचं काम करतोय आणि नॅट दोनदा होतंय. साधं नेट तरीही चालतं. बाहेरून घरात यायचं असेल तेव्हाच अडतं. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल तर दुसरं नॅट इंटरनेट कंपनीकडे आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून येणारं घरातल्या उपकरणाकडे वळवण्यावर) कितीही वेळ घातला तरी ते चालणार नाही.

६. घरात दोन डीएचसीपी

काही उपकरणांवर नेट आणि काहींवर नाही, हे याचं ठळक चिन्ह. जुना राउटर वायफायसाठी लावताना त्याचं डीएचसीपी बंद करायचं राहून गेलेलं असतं. उपकरणाने पत्ता मागितला की आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो, म्हणून रोज वेगळीच उपकरणं अडकतात.

अडकलेल्या उपकरणाचा गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता) बघा. तो फायरवॉलचा नसेल तर चोर सापडला. जुन्या राउटरमध्ये डीएचसीपी बंद करा, त्याला फायरवॉलच्याच मालिकेतला पण डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा.

७. नव्या नेटवर्कला नियमच नाही

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये पहिल्या लॅनला बाहेर जायची परवानगी आधीच दिलेली असते. नंतर पाहुण्यांसाठी किंवा कॅमेऱ्यांसाठी नवा व्हीलॅन केला तर त्यावर एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. डीएचसीपी तेवढं चालू केलेलं असतं, त्यामुळे पत्ता मिळतो आणि नेट मात्र नाही. त्या इंटरफेसवर परवानगीचा नियम जोडा. नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळलेला पहिला लागू होतो, म्हणून अडवायचा नियम वर आणि मोकळा नियम खाली ठेवा.

८. स्विचचं टेबल

एका पोर्टच्या मांडणीत खरी सुरक्षा इथे ठरते. समजा मोडेम पोर्ट १ वर, फायरवॉल पोर्ट ५ वर आणि घरातली उपकरणं २, ३, ४ वर. वॅनसाठी व्हीलॅन १०, लॅनसाठी व्हीलॅन २०. मग टेबल असं हवं:

- पोर्ट १: व्हीलॅन १० मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०
- पोर्ट २, ३, ४: व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०
- पोर्ट ५: व्हीलॅन १० आणि २० दोन्हींमध्ये टॅग्ड

टॅग म्हणजे पाकिटावरचा शिक्का. पोर्टवरून बाहेर जाताना तो ठेवायचा की काढायचा हे टॅग्ड-अनटॅग्डवरून ठरतं. आत येणाऱ्या बिनशिक्क्याच्या पाकिटावर कोणता शिक्का मारायचा हे पीव्हीआयडी ठरवतो. बऱ्याच छोट्या स्विचमध्ये पीव्हीआयडी वेगळ्या पानावर असतो, त्यामुळे पहिलं पान नीट भरलं जातं आणि दुसरं राहून जातं. मग पॅकेट जातं, पण परत येत नाही.

याहून गंभीर दोष म्हणजे सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्येही राहिलेले असणं. अशा स्विचवर मोडेमकडून सगळ्यांसाठी पाठवलेली पॅकेटं, किंवा पीव्हीआयडी १ च राहिला असेल तर सगळीच, फायरवॉलला वळसा घालून थेट घरात येऊ शकतात. नेट झकास चालतं, म्हणून कोणाला कळतही नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे आणि ती प्रत्येकाने करावीच. पोर्ट ५ मधली फायरवॉलची केबल काढा. पोर्ट २ ला एक लॅपटॉप लावा, त्याचं वायफाय बंद ठेवा आणि नवा पत्ता मागवा. कोणताच पत्ता मिळता कामा नये. मोडेमच्या मालिकेतला पत्ता मिळाला तर गळती आहे. मग लॅपटॉपला मोडेमच्या मालिकेतला एक पत्ता हाताने देऊन मोडेमला पिंग करा, त्यालाही उत्तर यायला नको.

गळती असेल तर मोडेमचा आणि घरातले पोर्ट व्हीलॅन १ मधून काढा. आधी स्विचचं पान कोणत्या व्हीलॅनवरून उघडतं ते बघून ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. काही स्वस्त स्विच पोर्टला व्हीलॅन १ मधून काढूच देत नाहीत, काहींचं व्यवस्थापनाचं पान कोणत्याही व्हीलॅनवरून उघडतं. असा स्विच इंटरनेटच्या तोंडावर ठेवू नये, दुसरा घ्यावा. या एका ठिकाणी काटकसर करू नका असं मी आवर्जून सांगेन.

९. काही साइट उघडतात, काही अडकतात

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, तपासा. साध्या इथरनेटवर तो १५०० असतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवर चालणाऱ्या) जोडणीत ८ बाइट्स त्यातच खर्च होतात आणि १४९२ उरतात. पॅकेटचे तुकडे करू नका असा पर्याय देऊन १४६४ बाइट्सचं पिंग बाहेर पाठवा. त्यात २८ बाइट्सचं शीर्ष मिळवलं की बरोबर १४९२ होतात. ते गेलं नाही तर आकडा कमी करत जा. जिथे जाऊ लागेल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. तो वॅनवर टाका आणि एमएसएसही (पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार) तसाच बसवा. पीएफसेन्सच्या एमएसएसच्या रकान्यात भरलेल्या आकड्यातून ४० आपोआप वजा होतात, म्हणून तिथे एमटीयूचाच आकडा (उदा. १४९२) लिहायचा.

सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) पूर्ण बंद करण्याची सवयही इथे नडते. "पॅकेट मोठं आहे, लहान पाठव" हा निरोप त्यातूनच येतो. तो अडवला की समोरचा सर्व्हर मोठी पॅकेटं पाठवत राहतो आणि पान फिरत राहतं.

१०. नेटवर्क कार्ड आणि यूएसबी ॲडॉप्टर

थोड्या वेळासाठी नेट जाऊन येत असेल तर फायरवॉलचा लॉग वाचा. "वॉचडॉग टाइमआउट" किंवा लिंक गेली-आली अशा ओळी त्याच वेळेला दिसल्या तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर पकडा. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर चालतात, आणि रिअलटेकच्या चिपसाठी तिथल्या मूळ ड्रायव्हरऐवजी कंपनीचा ड्रायव्हर वापरायची सोय आहे. ओपीएनसेन्समध्ये त्याचं तयार प्लगइन मिळतं. चेकसम, टीएसओ आणि एलआरओ ही हार्डवेअर ऑफलोडची (प्रोसेसरचं काम कार्डावर टाकणारी) सेटिंग्ज बंद करून फरक पडतो का तेही बघा. टीएसओ आणि एलआरओ राउटरवर तशीही बंदच असावीत.

यूएसबी ॲडॉप्टरचा वेगळा त्रास म्हणजे तो क्षणभर जरी सुटला तरी इंटरफेस नाहीसा होतो. पीसी चालू होताना तो दिसला नाही तर पीएफसेन्स इंटरफेस पुन्हा नेमून द्या म्हणून थांबून राहतं, आणि मॉनिटर नसेल तर यंत्र मेल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर यूएसबीपेक्षा व्हीलॅन आणि चांगला स्विच केव्हाही बरा.

वेगाबद्दल एक गैरसमज आहे. एका पोर्टवर वेग निम्मा होतो असं सर्रास सांगितलं जातं. गिगाबिट पोर्ट दोन्ही दिशांना एकाच वेळी १००० एमबीपीएस नेतो. एका दिशेत डाउनलोड आणि अपलोड यांची बेरीज बसायला हवी, एवढंच. ३०० अधिक ३०० च्या जोडणीला एक पोर्ट पुरून उरतो. तरीही वेग कमी असेल तर सुरिकाटा किंवा स्नॉर्ट (संशयास्पद पॅकेटं शोधणारे प्रोग्रॅम) बंद करून मोजा. जुन्या प्रोसेसरला ते बहुधा झेपत नाहीत.

इथे थांबा

मोडेमवरचा एलओएसचा (सिग्नल नाही असं सांगणारा) दिवा लाल असेल तर फायबरमध्येच दोष आहे. इंटरनेट कंपनीला फोन करा. फायबरचं टोक उघडून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. जुना राउटर किंवा लॅपटॉप थेट मोडेमला जोडूनही नेट येत नसेल, किंवा पीपीपीओईचा पासवर्ड नाकारला जात असेल, तरीही काम कंपनीचंच आहे. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकायचा असेल आणि त्याच्यावर घरचा फोन किंवा टीव्ही चालत असेल, तर आधी कंपनीशी बोला. ते बंद पडू शकतात.

पीसीतून जळका वास येत असेल, तो मधेच बंद पडत असेल, किंवा पॉवर सप्लायचा पंखा फिरत नसेल तर वीज काढा आणि तंत्रज्ञाकडे न्या. पॉवर सप्लाय घरी उघडू नका. वीज काढल्यावरही त्यातले कपॅसिटर धोकादायक भार धरून असतात.

आणि गळतीची चाचणी स्विच बदलूनही पास होत नसेल, किंवा फायरवॉलचं व्यवस्थापनाचं पान बाहेरून उघडतंय असं लक्षात आलं, तर वॅनची केबल काढा, जुना राउटर लावा आणि नेटवर्कचं काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा. त्याच्या हातात स्विचच्या टेबलचा फोटो, फायरवॉलचा लॉग आणि तिसऱ्या तपासणीतलं पिंग कुठे अडलं ते लिहिलेला कागद द्या.